मापातले रक्त : मिठबावच्या किनाऱ्यावरून एका दुर्लक्षित मालाची ओळख

आपल्या समाजात 'मेडिकल लाइन' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर औषधांचे दुकान येते. पोरगा बी.फार्म. झाला, दुकान घातले, अल्हम्दुलिल्लाह गल्ला भरू लागला, एवढीच या लाइनची ओळख. परंतु औषध लिहून देण्याआधी डॉक्टर जी चिठ्ठी हातात ठेवतो ती रक्त तपासणीची असते. त्या तपासणीमागे नळ्या, सुया, पट्टे, डबे, खुर्च्या आणि माणसे असा एक मोठा बाजार उभा आहे. त्यात आपले बांधव फारच थोडे दिसतात. या आठवड्यात आम्ही त्या बाजारातील एकाच वस्तूविषयी लिहिणार आहोत. ती म्हणजे शिरेतून रक्त ओढून घेणारी निर्वात नळी, म्हणजेच बोलीभाषेतील 'व्हॅक्युम ट्यूब' किंवा 'व्हॅक्युटेनर'.

उदाहरणासाठी आम्ही देवगड तालुक्यातील मिठबाव हे गाव घेतले आहे. समुद्रकिनारा, गजबादेवीची टेकडी, माडाच्या बागा, मासेमारी आणि हापूसचा हंगाम ही या गावाची ओळख. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मात्र मोठी तपासणी करायची तर देवगड, कणकवली किंवा थेट ओरोस गाठावे लागते. माणूस जाणे कठीण, म्हणून माणसाचे रक्त जाते. 2017 साली राज्य शासनाने एचएलएल लाइफकेअर या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत 'महालॅब' योजना सुरू केली, ती याच कल्पनेवर. नमुना गावातल्या केंद्रात घ्यायचा आणि तपासणी दूरच्या प्रयोगशाळेत करायची. खाजगी लॅबवाल्यांची 'कलेक्शन सेंटर्स' हीच पद्धत वापरतात. मिठबाव, तांबळडेग, मुणगे, हिंदळे या पट्ट्यातील म्हातारी माणसे साखरेच्या तपासणीसाठी दर महिन्याला कणकवलीची एस.टी. पकडू शकत नाहीत. त्यामुळे रक्त घेतल्यापासून ते मशीनला लागेपर्यंत जो वेळ जातो आणि ज्या नळीत जातो, त्यावर रिपोर्टचा खरेखोटेपणा अवलंबून असतो.

नळीत काय असते?

नळीत काहीच नसते, हीच तिची खुबी. कारखान्यात नळीतील हवा ठराविक प्रमाणात ओढून काढतात आणि वर रबरी बूच घट्ट बसवतात. सुईला दोन टोके असतात. एक टोक शिरेत जाते. दुसऱ्या टोकावर रबराची बारीक टोपी असते आणि ते एका प्लास्टिकच्या होल्डरमध्ये दडलेले असते. शीर सापडली की नळी होल्डरमध्ये दाबायची. मागचे टोक बूच भेदून आत शिरते आणि आतल्या पोकळीच्या ओढीने रक्त आपोआप नळीत येते. जेवढी पोकळी तेवढेच रक्त. दोन मि.लि.ची नळी दोन मि.लि. घेते आणि थांबते. ती काढून दुसरी लावली तरी सुई शिरेतच राहते. एकदा टोचून चार-पाच नळ्या भरता येतात आणि रक्त हवेला किंवा टेक्निशियनच्या बोटाला लागत नाही.

हा शोध जोसेफ क्लायनर यांचा. त्यांना अमेरिकेत 1949 साली पेटंट मिळाले आणि बेक्टन डिकिन्सन कंपनीने ही वस्तू जगभर नेली. तोवर काचेची सिरींज उकळून उकळून वापरली जाई. ती बोथट सुई पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आजही आठवत असेल.

आमच्या हकीम मंडळींना मात्र या तत्त्वाचे नवल वाटू नये. हिजामा करणारा जुन्या काळी शिंग किंवा पेला लावून हवा ओढत असे. आज प्लास्टिकच्या कपाला छोटा पंप लावतात. ओढ पोकळीचीच. फरक इतकाच की हिजाम्यात कातडीवरून रक्त येते आणि येथे शिरेतून. शिरेतून रक्त काढण्याला युनानीत फस्द म्हणतात. कोपराच्या खोबणीतील ज्या तीन शिरांतून आजही रक्त घेतले जाते, त्यांना आपल्या किताबांत कीफाल, अकहल आणि बासलीक अशी नावे आहेत. इब्ने सीनाचा 'कानून' लॅटिनमध्ये उतरला तेव्हा ही नावेही युरोपात गेली, असे इतिहासकार मानतात. आजच्या वैद्यकीय पुस्तकांतील 'सेफॅलिक' आणि 'बॅसिलिक' ही नावे त्यांच्याशी जुळतात. मधली अकहल म्हणजे तीच रग, जिच्यावर जंग-ए-खंदकमध्ये हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना बाण लागला होता. टेक्निशियन आजही पहिली पसंती या मधल्या शिरेलाच देतो, कारण ती जाड असते आणि जागेवरून सरकत नाही. आतल्या बाजूच्या बासलीकजवळून धमनी आणि मज्जातंतू जातात, म्हणून ती शेवटी.

रंगांचा हिशेब

नळीच्या बुचाचा रंग शोभेसाठी नसतो. आत कोणते द्रव्य आहे ते रंग सांगतो. जांभळ्या बुचात ई.डी.टी.ए. असते. त्याने रक्त गोठत नाही, म्हणून हिमोग्राम, मलेरियाची तपासणी आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी यासाठी ती वापरतात. फिकट निळ्यात सायट्रेट असते, ते रक्त गोठण्याचा वेळ मोजण्यासाठी. लाल बुचाच्या नळीत रक्त गोठू देतात आणि वर सुटलेले सिरम तपासतात. पिवळ्या बुचात त्याशिवाय एक जेल असते, जे मशीनमध्ये फिरवल्यावर सिरम आणि पेशी यांच्यामध्ये पडदा धरते. करड्या बुचात फ्लोराइड, ते साखरेसाठी. हिरव्यात हेपरिन.

नळ्या कोणत्या क्रमाने भरायच्या हेही ठरलेले आहे. आधी फिकट निळी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी करडी. हा क्रम का पाळायचा, हे समजून घेतल्याशिवाय या मालाचा व्यापार करणे म्हणजे वजनमापे न ओळखता किराणा विकणे होय. जांभळ्या नळीतील ई.डी.टी.ए. हे पोटॅशियमचे क्षार असते आणि ते कॅल्शियम पकडून ठेवते. आधी जांभळी भरून तिचा अंश सुईच्या टोकावरून पुढच्या लाल नळीत गेला, तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. रुग्णाच्या अंगात तसे काही नसते. काही महाभाग तर जांभळी नळी जास्त भरली म्हणून तिचे बूच उघडून थोडे रक्त लाल नळीत ओततात! पोटॅशियम वाढले म्हणजे हृदय बंद पडण्याची भीती. डॉक्टर घाबरतो, रात्रीच्या गाडीने ओरोसला धावाधाव होते. याच्या उलट जे घडते ते अधिक वाईट. खरोखर पोटॅशियम कमी असलेल्या बाईचा रिपोर्ट अशा भेसळीमुळे ठीक दिसतो आणि तिला घरी पाठवले जाते.

फिकट निळ्या नळीत एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त असे मोजमाप आहे. नळी अर्धी भरली तर औषध जास्त आणि रक्त कमी होते, गोठण्याचा वेळ लांबलेला दिसतो. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या हृदयरोग्याचा डोस याच आकड्यावर ठरतो. सूरह मुतफ्फिफीन मापात कमी देणाऱ्यांविषयीच आहे, हे आपल्या व्यापारी बांधवांना आम्ही सांगायला नको. नळीच्या बाबतीत माप टेक्निशियनच्या हातात असतेच, पण त्याआधी ते विक्रेत्याच्या हातात असते. ज्या नळीतील पोकळी गळून गेली आहे ती पूर्ण भरणारच नाही, टेक्निशियन कितीही तरबेज असो.

मालाची परीक्षा

पूर्वी या नळ्या काचेच्या असत. आता बहुतेक पेट प्लास्टिकच्या येतात. पडल्या तरी फुटत नाहीत, वाहतुकीला हलक्या, म्हणून आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांना योग्य. पण प्लास्टिकचा एक दोष आहे. डोळ्यांना दिसत नसले तरी त्यातून हवा हळूहळू आत येत असते आणि पाण्याची वाफ बाहेर जात असते. म्हणून प्रत्येक पेटीवर मुदत छापलेली असते. सायट्रेटच्या नळीत द्रव औषध असल्याने ती वाफही होते, त्यामुळे तिची मुदत साधारणपणे इतरांपेक्षा कमी. पेटीवर बहुधा 25 अंशांच्या आत ठेवा अशी सूचना असते. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात काय तापमान होते ते देवगड-मालवणच्या व्यापाऱ्याला विचारून पाहावे. आंबा पिकवायला ती जागा उत्तम. नळ्या ठेवायला नव्हे.

खरेदी करताना एक साधी चाचणी करता येते. प्रत्येक लॉटमधून दोन-तीन नळ्या काढाव्यात. होल्डरला सुई लावून तिचे पुढचे टोक पेल्यातील पाण्यात बुडवावे आणि नळी दाबावी. पाणी खुणेपर्यंत चढले तर पोकळी शाबूत आहे. खुणेच्या बरेच खाली थांबले तर तो लॉट परत. त्या नळ्या आणि सुया पुन्हा पेटीत ठेवायच्या नाहीत, टाकून द्यायच्या. दोन-तीन नळ्यांचा तोटा सोसावा, पण शंभर नळ्यांची तक्रार घेऊ नये. आमच्या माहितीतील एका विक्रेत्याने स्वस्तात मिळाल्या म्हणून मुदतीच्या टोकावर आलेल्या पेट्या घेतल्या. लॅबवाल्याने त्या अर्ध्या भरतात म्हणून परत पाठवल्या आणि पुढचा व्यवहारही बंद केला. घाऊकवाल्याचे नाव आम्ही देत नाही. असे घाऊकवाले प्रत्येक शहरात आहेत.

नळीतील पोकळी बाहेरच्या हवेच्या दाबावर काम करते, म्हणून उंच डोंगराळ प्रदेशात ती किंचित कमी भरते. मिठबावला समुद्रसपाटी असल्याने ही चिंता नाही, हे जाता जाता.

बाजारात 'नॉन-व्हॅक्युम' नळ्याही भरपूर विकल्या जातात. त्यांच्यात औषध तेच असते, फक्त पोकळी नसते. सिरींजने रक्त काढायचे, बूच उघडायचे आणि खुणेपर्यंत अंदाजाने सोडायचे. या नळ्या स्वस्त आहेत आणि लहान लॅबना परवडतात, म्हणून त्यांना आम्ही वाईट म्हणणार नाही. नाजूक शिरेच्या म्हाताऱ्याला किंवा लहान मुलाला तर सिरींजच बरी, कारण पोकळीच्या ओढीने बारीक शीर आत दबून बसते. परंतु दोन सवयींपासून सावध राहावे. सिरींजची सुई बुचातून खुपसून रक्त जोराने दाबणे ही पहिली. त्याने रक्तपेशी फुटतात आणि सुई हाताला लागण्याचा धोका असतो. नॉन-व्हॅक्युम माल व्हॅक्युमच्या भावात खपवणे ही दुसरी. तिला धंद्याच्या भाषेत काय म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे.

हेपरिनचा प्रश्न

हिरव्या बुचाच्या नळीविषयी आमच्या व्यापाऱ्यांना एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. हेपरिन हे औषध जगभरात बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढले जाते. नळीत ते भिंतीला सूक्ष्म प्रमाणात लावलेले असते, त्यातील काहीही रुग्णाच्या अंगात परत जात नाही. म्हणून तपासणीसाठी रक्त देणाऱ्याने मनात किंतु बाळगण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. विक्रेत्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण तो वस्तूची किंमत घेतो. हा फतव्याचा विषय असल्याने आम्ही त्यावर निकाल देत नाही. आपल्या भागातील मुफ्तींना माल मागवण्यापूर्वी विचारावे. व्यवहाराच्या दृष्टीने एवढे सांगता येईल की, तालुक्याच्या ठिकाणच्या लहान लॅबचे काम लाल किंवा पिवळ्या नळीवर जवळजवळ पूर्ण भागते. हिरवी नळी न ठेवताही हा धंदा उभा राहू शकतो. ई.डी.टी.ए., सायट्रेट आणि फ्लोराइड ही रसायने कारखान्यात तयार होतात, त्यांच्याबाबत हा प्रश्न येत नाही.

मिठबाव ते कणकवली

आता साखरेचे गणित पाहू. रक्त शरीराबाहेर आले तरी त्यातील पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, पेशी वेगळ्या न करता ठेवले, तर नेहमीच्या तापमानाला दर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. समजा, मिठबावच्या एका मच्छिमाराची उपाशीपोटी साखर 140 आहे. 126 आणि त्यापुढे गेली की मधुमेह समजतात. सकाळी सातला रक्त घेतले, नमुने गोळा करणारा पोरगा चार गावे फिरून दहाला कणकवलीत पोहोचला. तीन तासांत तोच आकडा 116 च्या आसपास येतो. डॉक्टर म्हणतो, थोडी जपून खा, औषध नको. पाच वर्षांनी त्याच माणसाच्या पायाची जखम भरत नाही, तेव्हा कारण कोणाच्या लक्षातही येत नाही.

करड्या नळीतील फ्लोराइड ही घट रोखते. तेही लगेच नव्हे. पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात, तोवर थोडी घट होतेच. पण त्यानंतर साखर टिकते. इतर तपासण्यांसाठी उत्तम उपाय म्हणजे गावातच एक छोटे सेंट्रिफ्यूज ठेवणे. पिवळ्या नळीतील रक्त अर्धा तास उभे ठेवून गोठू द्यायचे, दहा मिनिटे फिरवायचे, जेलचा पडदा धरला की मग पेटीत घालून पाठवायचे. न फिरवता तसेच रक्त बर्फात घालणे हा उपाय नव्हे. थंडीत पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते आणि पुन्हा तोच खोटा आकडा येतो.

पावसाळ्यात वीज गेली तर सेंट्रिफ्यूज कसे फिरणार? इन्व्हर्टर ठेवावा लागतो, आणि तो खर्च कलेक्शन सेंटरच्या भांडवलात पहिल्या दिवसापासून धरावा. पावसाळ्यातच भातशेतीत उतरलेल्या माणसांना ताप येतात, लेप्टोची शंका येते, आणि त्याच दिवसांत नमुने जास्त असतात.

हाताला काम

बारावी सायन्सनंतर डी.एम.एल.टी. करणारी मुले आपल्यात आता दिसू लागली आहेत. केवळ रक्त घेण्याचे, म्हणजे फ्लेबोटॉमिस्टचे, स्वतंत्र प्रशिक्षणही कौशल्य विकास योजनांत मिळते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले की, लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. म्हणजे टेक्निशियनने स्वतःच्या सहीने रिपोर्ट देण्याचा धंदा थाटू नये. परंतु पात्र पॅथॉलॉजिस्टच्या लॅबशी जोडून नमुना गोळा करण्याचे केंद्र चालवणे हा सरळ मार्ग आहे. 2021 साली संसदेने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा केला, त्यात लॅब टेक्निशियनही येतात. तेव्हा मान्यता नसलेल्या 'इन्स्टिट्यूट'मध्ये फी भरण्यापूर्वी दहा वेळा चौकशी करावी. अशा इन्स्टिट्यूटच्या जाहिराती आमच्याकडेही येतात.

मुलींसाठी या कामात विशेष जागा आहे. आपल्या घरांतील वयस्क बायका परक्या पुरुषासमोर बाही वर करायला संकोचतात आणि तपासणीच टाळतात. घरी जाऊन रक्त घेणारी प्रशिक्षित मुलगी गावात असेल तर हे टाळणे थांबते. घरी बोलावून रक्त घेण्याचा थोडा जादा आकार द्यायला लोक आनंदाने तयार असतात, असा आमचा अनुभव आहे.

काम शिकणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. दंडाला बांधलेला पट्टा एक मिनिटाच्या आत सोडावा; जास्त वेळ राहिला तर रक्त घट्ट होऊन आकडे बदलतात. रुग्णाला मूठ आवळा-सोडा, आवळा-सोडा असे सांगण्याची जी सवय आहे ती सोडावी, तिनेही पोटॅशियम वाढते. स्पिरिट लावल्यावर ते सुकू द्यावे. शेवटची नळी होल्डरमधून आधी काढावी, मग सुई. नळी खडखडा न हलवता हलकेच उलटीसुलटी करावी, जांभळी आठ-दहा वेळा, निळी तीन-चार वेळा. नाव नळीवर रुग्णाच्या समोरच, जागेवरून उठण्यापूर्वी लिहावे. कोकणात एकाच वाडीत एकाच नावाची तीन माणसे असतात, म्हणून वय आणि वडिलांचे नावही.

कारागिरांसाठी काय? नळी बनवणे हा कुटीरोद्योग नव्हे. साचे, निर्वात यंत्र आणि निर्जंतुकीकरण यांचे भांडवल मोठे लागते. आपल्या देशात फरीदाबादची हिंदुस्तान सिरींजेस ही कंपनी आणि इतर काही कंपन्या या नळ्या बनवतात, त्यांच्याशी स्पर्धा करण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. पण प्रत्येक केंद्राला रक्त घेण्याची खुर्ची लागते. हात ठेवायला रुंद, खालीवर होणारा दांडा, रुग्णाला चक्कर आली तरी तो पुढे कोसळणार नाही असा पुढचा अडसर, आणि पुसता येईल असे रेक्झिन. सुतार, वेल्डर आणि गादीवाला हे तिघे मिळून ती सहज बनवतील. नळ्या उभ्या ठेवायच्या ॲक्रिलिकच्या घोड्या, नमुने नेण्याच्या थंड पेट्या आणि सेंट्रिफ्यूजची दुरुस्ती ही कामे आज मुंबई-पुण्याहून मागवली जातात.

विक्रीला उतरायचे असेल तर कागद आधी करावेत. मेडिकल डिव्हाइसेस नियम 2017 चे. त्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीने वैद्यकीय उपकरणे विकणाऱ्याला एमडी-42 हे नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी दुकानात एक जाणकार व्यक्ती लागते. ती पदवीधर किंवा नोंदणीकृत फार्मासिस्ट असावी, किंवा बारावी होऊन या विक्रीचा वर्षभराचा अनुभव असलेली. माल परवानाधारक उत्पादक किंवा आयातदाराचाच घ्यावा आणि बॅच नंबरची नोंद ठेवावी.

भंगारवाल्या बांधवांना

हे आम्ही मुद्दाम वेगळे लिहीत आहोत, कारण भंगाराच्या धंद्यात आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. वापरलेल्या नळ्या, सिरींजेस आणि सुया प्लास्टिक म्हणून विकत घेऊ नका, कोणीही कितीही स्वस्त दिल्या तरी. 2009 साली गुजरातमधील मोडासा परिसरात 'ब' प्रकारच्या काविळीची साथ आली आणि कित्येक माणसे दगावली. एकदा वापरलेल्या सिरींजेस पुन्हा वापरल्याने ती पसरली होती. त्यानंतर घातलेल्या छाप्यांत वापरलेल्या सिरींजेसचे साठे भंगार गोदामांत सापडले. जैव-वैद्यकीय कचरा नियम 2016 प्रमाणे सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि प्लास्टिक नळ्या लाल पिशवीत जातात. तेथून तो कचरा फक्त अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा. गोदामात अशी गोणी सापडली तर गुन्हा गोदामवाल्यावर दाखल होतो, दवाखानेवाला नामानिराळा राहतो. आणि गोणी उपसणाऱ्या पोराच्या बोटाला सुई लागली तर त्याचा हिशेब कोणत्याच वहीत मांडला जात नाही. हिजामा करणाऱ्यांनाही हेच नियम लागू आहेत असे समजून त्यांनी आपली पाती आणि कप हाताळावेत.

आखाताची वाट आणि रमजान

कोकणातील किती घरांचा चुलीचा खर्च आखातातून येतो, ते आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. व्हिसापूर्वीची वैद्यकीय तपासणी, जिला लोक अजूनही 'गमका' म्हणतात आणि जिची नोंदणी आता 'वाफिद' नावाने होते, तिच्यात रक्त द्यावेच लागते. जाण्याआधी कोणतेही औषध चालू असेल ते डॉक्टरांना सांगावे. टेक्निशियनने नळीवर लिहिलेले नाव आणि पासपोर्टवरील नाव आपल्या डोळ्यांनी जुळवून पाहावे, लाजू नये. नळ्यांची अदलाबदल झाली तर तिकिटासाठी काढलेले कर्ज फेडणारा तो एकटाच असतो. लॅब टेक्निशियनला आखातातील रुग्णालयांतही मागणी असते, मात्र तेथील परवाना परीक्षा आणि प्रमाणपत्रांची पडताळणी आधी पार करावी लागते.

रोजात रक्त द्यावे का, हा प्रश्न दरवर्षी येतो. कोकणातील बहुसंख्य मुसलमान शाफई मसलकाचे आहेत. शाफई आणि हनफी दोन्ही मसलकांत रक्त काढल्याने रोजा तुटत नाही. अशक्तपणा येईल इतके काढणे मात्र नापसंत मानले आहे. तपासणीसाठी जाणारे रक्त पाच-दहा मि.लि. असते. वजूबाबत फरक आहे. हनफी मसलकात वाहते रक्त निघाले की वजू पुन्हा करावा लागतो, शाफईत लागत नाही. हंबली मसलकात हिजाम्याने रोजा तुटतो असे मत आहे, म्हणून आखातात राहून आलेल्या मंडळींकडून वेगळे ऐकायला मिळाले तर वाद घालू नये. रमजानमध्ये उपाशीपोटी साखर पाहायची तर सहरीनंतर आठ तास सोडून दुपारी रक्त द्यावे. मधुमेही माणसाला रोजात घाम फुटला, हात थरथरले, तर लॅबची वाट न पाहता रोजा सोडावा आणि कजा नंतर करावी.

यासाठी केंद्राची वेळही बदलावी लागते. रमजानमध्ये सकाळची गर्दी नसते, नमुने असरच्या आसपास येतात, आणि कणकवलीला जाणारा पोरगा इफ्तारच्या आधी निघायला तयार नसतो. अशा वेळी करड्या आणि पिवळ्या नळ्या दुप्पट मागवून ठेवाव्यात, सेंट्रिफ्यूज फिरवून नमुने रात्री थंड पेटीत ठेवावेत आणि पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने पाठवावेत. फिकट निळ्या नळीचा नमुना मात्र असा रात्रभर ठेवता येत नाही. त्या तपासणीच्या रुग्णाला सरळ सकाळी देवगडलाच जायला सांगावे.